बहुप्रवाही प्रक्षुब्ध ज्योतीचे संगणकीय प्रतिमान : मिश्रण-अंशाची मर्यादा

प्रस्तावना :
औद्योगिक भट्टी किंवा गॅस टर्बाइनमधील ज्योत बहुधा प्रक्षुब्ध असते. इंधन व हवा भोवऱ्यांतून मिसळत असतानाच जळतात. अशा ज्वलनात तिसरा प्रवाह आल्यास संगणकीय भाकितापुढे कोणती अडचण उभी राहते, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

मिश्रण-अंश :
मिथेनच्या ज्वलनासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘जीआरआय-मेक ३.०’ या अभिक्रिया-संचात ५३ घटक व ३२५ अभिक्रिया आहेत. प्रत्येक बिंदूवर, प्रत्येक क्षणी त्या सोडविणे अत्यंत खर्चिक ठरते. म्हणून नॉर्बर्ट पीटर्स यांनी १९८४ मध्ये विस्ताराने मांडलेल्या ‘फ्लेमलेट’ पद्धतीत प्रक्षुब्ध ज्योत ही अनेक पातळ, स्तरीय ज्योतींचा समूह मानली जाते. या ज्योतींची उत्तरे आधीच काढून कोष्टकात साठविली जातात. कोष्टकाची मुख्य किल्ली म्हणजे मिश्रण-अंश, अर्थात एखाद्या बिंदूवरील वस्तुमानापैकी इंधन-प्रवाहातून आलेला भाग. शुद्ध इंधनासाठी तो १, तर हवेसाठी ० असतो.

तिसरा प्रवाह :
डॅली, कार्पेटिस व बार्लो यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मिथेन-हायड्रोजनच्या झोताभोवती सुमारे १३०० केल्विन तापमानाचा उष्ण वायू आणि त्याबाहेर थंड हवा होती. उष्ण वायूत ऑक्सिजनचे वस्तुमान-प्रमाण अनुक्रमे ३, ६ व ९ टक्के ठेवले होते. हवेत ते सुमारे २३ टक्के असते. या दोन्ही प्रवाहांत मूळ इंधन नसल्याने दोहोंचा मिश्रण-अंश ० येतो. साहजिकच एका चलावर आधारलेल्या प्रतिमानाला त्यांतील भेद कळत नाही. सर्वत्र उष्ण वायूच आहे असे मानल्यास पुढे ज्योतीत शिरणाऱ्या हवेचा ऑक्सिजन हिशेबातून सुटतो; सर्वत्र हवाच मानल्यास प्रज्वलनाला साहाय्य करणारी उष्णता सुटते.

उपाय व किंमत :
प्रवाहांची संख्या ‘न’ असल्यास त्यांचे मिश्रण सांगण्यास ‘न वजा एक’ स्वतंत्र चले लागतात. तीन प्रवाहांसाठी दोन. इहमे व सी यांनी २०११ मध्ये याच स्वरूपाच्या ज्योतीसाठी त्रिप्रवाही प्रतिमान वापरून प्रवेशद्वारावरील स्थितीचा परिणाम तपासला. मात्र नव्या चलासाठी शंभर बिंदू घेतल्यास कोष्टक शंभरपट मोठे होते.

निष्कर्ष :
नायट्रोजन ऑक्साइडची निर्मिती तापमानावर तीव्रतेने अवलंबून असते आणि अल्प-ऑक्सिजन ज्वलनाचा एक प्रमुख हेतू हे प्रदूषण घटविणे हाच आहे. तेव्हा प्रवाहांतील भेद न ओळखणारे प्रतिमान नेमक्या त्याच प्रश्नावर अविश्वसनीय ठरते. म्हणूनच गणनेचा वेग पाहण्यापूर्वी प्रवाहांची संख्या व चलांची संख्या यांचा मेळ तपासणे अगत्याचे आहे.