अर्ज तोंडीही होतो

गेल्या उन्हाळ्यात गेवराईच्या एस.टी. स्टँडवर ऊसतोडीहून परतलेली एक मावशी भेटली. मुकादम म्हणतो उचल फिटली नाही, ही म्हणते फिटली. मोफत वकील मिळतो असं ऐकून ती एका ऑनलाइन सेंटरवर गेली, तर तिथला पोरगा म्हणाला, ‘ओटीपी सांगा.’ मोबाइल नवऱ्याकडे, नवरा पुण्याला कामावर. ‘भाऊ, ओटीपी कुठून आणू?’

मंडळी, तिला ओटीपीची गरजच नव्हती. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७चा, लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ला. त्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्नाची अट नाही; प्रकरणात तथ्य हवं, एवढंच. अर्ज ऑनलाइन करता येतो, तसा तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे किंवा बीडला जिल्हा न्यायालयातल्या प्राधिकरणाकडे जाऊनही. लिहिता येत नसेल तर तिथल्याच माणसानं विचारून अर्ज भरायचा आणि अंगठा घ्यायचा, असं २०१०चे विनियम सांगतात. साध्या फोनवरून १५१०० लावला तरी माहिती मिळते.

मुशायऱ्यात आम्ही ‘अर्ज किया है’ म्हणतो, ते तोंडानंच की! कागद नंतरचा.

मावशीला कोर्टात घेऊन गेलो. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता, नाव नवऱ्याचं. इथं बाईंनी विचारलं, ‘तुमचं नाव?’ तिनं आधी नवऱ्याचंच सांगितलं.