विश्लेषण : क्योटोची मंदिरे पाहायला गाइड हवाच का?

जपानची जुनी राजधानी क्योटो सध्या दोन कारणांनी चर्चेत असते. एक म्हणजे तिथली मंदिरे आणि दुसरे म्हणजे ती पाहायला लोटणारी गर्दी. गर्दीला आवर घालण्यासाठी शहराने गेल्या काही वर्षांत एकामागोमाग एक नियम बदलले. अशा वेळी गाइड घेऊन क्योटो पाहण्यात खरेच फायदा आहे का आणि गाइड निवडताना काय तपासावे, याचा हा आढावा.

क्योटोचे महत्त्व काय?

इ. स. ७९४ ते १८६८ अशी हजारांहून अधिक वर्षे क्योटो ही जपानच्या सम्राटांची राजधानी होती. सुमारे १,६०० बौद्ध मंदिरे आणि ४०० शिंतो देवस्थाने या एका शहरात आहेत. क्योटो, उजी आणि ओत्सू या शहरांतील १७ वास्तूंना १९९४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

हा वारसा थोडक्यात वाचला आहे. दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बच्या संभाव्य लक्ष्यांमध्ये क्योटोचे नाव होते. अमेरिकेचे तत्कालीन युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांच्या आग्रहामुळे ते वगळण्यात आले. मात्र आज दिसणारे सगळेच प्राचीन नाही. सोन्याचा मुलामा दिलेले किन्काकु-जी मंदिर १९५० मध्ये एका तरुण भिक्षूने पेटवून दिले होते. सध्याची वास्तू १९५५ मध्ये उभारलेली आहे.

गाइड नसेल तर काय निसटते?

सर्वात आधी निसटतो तो मंदिर आणि देवस्थान यांतला फरक. प्रवेशाला तोरणासारखी ‘तोरी’ कमान असेल तर ते शिंतो देवस्थान. तिथे साधारणपणे दोनदा वाकून, दोन टाळ्या वाजवून, पुन्हा एकदा वाकून नमस्कार करतात. बौद्ध मंदिरात टाळ्या वाजवत नाहीत, शांतपणे हात जोडतात.

फुशिमी इनारी हे तांदूळ आणि भरभराटीच्या देवतेचे स्थान. तिथल्या हजारो शेंदरी कमानींसमोर फोटो काढून बहुतेक जण परततात. प्रत्येक कमानीच्या मागच्या बाजूला ती अर्पण करणाऱ्याचे नाव आणि तारीख कोरलेली असते, हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. कोल्ह्याच्या मूर्तीच्या तोंडातील किल्ली धान्याच्या कोठाराची मानली जाते, हेही तसेच.

भारतीय पर्यटकांसाठी तर आणखी एक धागा आहे. तो-जी मंदिराच्या सभागृहातील मूर्तींमध्ये हंसांवर बसलेला ‘बोन्तेन’ म्हणजे ब्रह्मा आणि हत्तीवर बसलेला ‘ताइशाकुतेन’ म्हणजे इंद्र. सान्जुसान्गेन्दो मंदिरात कान्नोनच्या, म्हणजे अवलोकितेश्वराच्या १,००१ मूर्ती आहेत. त्यांच्या रक्षकांमध्ये गरुडही आहे, तोही बासरी वाजवणारा. बौद्ध धर्माबरोबर भारतातून निघालेले हे देव चीनमार्गे जपानला पोहोचले. या मंदिराच्या सभागृहात फोटो काढायला मनाई आहे, त्यामुळे जे समजून घ्यायचे ते तिथेच उभे राहून.

गर्दीचा प्रश्न किती गंभीर आहे?

२०२४ मध्ये जपानला ३ कोटी ६८ लाखांहून अधिक परदेशी पर्यटकांनी भेट दिली. २०१३ मध्ये हा आकडा एक कोटीच्या थोडा वर होता. क्योटोची लोकसंख्या सुमारे १४ लाख. शहराच्या मोठ्या भागात मेट्रो नसल्याने पर्यटक आणि रहिवासी एकाच सिटी बसमध्ये चढतात. मोठ्या बॅगा घेऊन आलेल्या पर्यटकांनी बस भरली, की दवाखान्यात किंवा बाजारात निघालेल्या ज्येष्ठांना ती सोडून द्यावी लागते.

त्यामुळे शहराने फक्त बससाठी असलेला दिवसभराचा पास बंद केला. आता १,१०० येनचा बस आणि मेट्रोचा एकत्रित पास मिळतो. जून २०२४ पासून शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी पर्यटकांसाठी वेगळ्या जलद बस सुरू झाल्या असून त्यांचे तिकीट ५०० येन आहे. गिऑन भागात माइको, म्हणजे शिकाऊ गेइको, यांना अडवून फोटो काढण्याचे प्रकार वाढल्याने तिथल्या खासगी गल्ल्यांत पर्यटकांना प्रवेशबंदी झाली. नियम मोडल्यास १० हजार येन दंडाचे फलक तिथे आहेत. मुख्य रस्ता मात्र खुला आहे.

यात गाइडचा उपयोग काय?

क्योटोतली प्रसिद्ध ठिकाणे चार दिशांना पसरलेली आहेत. किन्काकु-जी वायव्येला, कियोमिझु-देरा पूर्वेला, आराशियामा पश्चिमेला, तर फुशिमी इनारी दक्षिणेला. बरीच मंदिरे सायंकाळी पाचच्या सुमारास बंद होतात. एका दिवसात चारही टोके गाठायची ठरवली, तर निम्मा दिवस बसमध्येच जातो.

जाणता गाइड दिवसाला एकच भाग निवडतो आणि वेळेचे गणित बसवतो. कियोमिझु-देरा पहाटे सहाला उघडते. फुशिमी इनारी रात्रंदिवस खुले असते, प्रवेश मोफत आहे आणि क्योटो स्थानकापासून रेल्वेने दुसरेच स्थानक असल्याने बसची गरजच पडत नाही. कुठल्या गल्लीत शिरू नये, कुठे आवाज कमी ठेवावा, हे तो आधीच सांगतो. त्यामुळे पर्यटकाचा वेळ वाचतो आणि शेजारपाजारच्या रहिवाशांचा त्रासही.

काही ठिकाणी तर पर्याय नसतो. काट्सुरा हा राजघराण्याचा जुना प्रासाद आणि त्याची बाग केवळ गाइडसह ठरलेल्या फेरीतच पाहता येते. शेवाळाच्या बागेसाठी प्रसिद्ध असलेल्या साइहो-जी मंदिरात आगाऊ नोंदणीशिवाय प्रवेश नाही.

गाइडकडे परवाना असावाच लागतो का?

पूर्वी होय. १९४९ च्या कायद्यानुसार पैसे घेऊन परदेशी भाषेत गाइडचे काम करण्यासाठी राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण होणे बंधनकारक होते. पर्यटक वाढले आणि गाइड अपुरे पडू लागले. म्हणून जानेवारी २०१८ पासून ही अट काढून टाकण्यात आली. आता कुणीही हे काम करू शकतो. परवानाधारक असल्याचे सांगण्याचा अधिकार मात्र परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांनाच आहे. या परीक्षेत परकीय भाषेबरोबरच जपानचा इतिहास, भूगोल आणि संस्कृती यांचे ज्ञान तपासले जाते.

त्यामुळे बुकिंगपूर्वी चार प्रश्न विचारावेत. परवाना आहे का? गटात किती जण असतील? प्रवेश तिकिटे दरात धरली आहेत का? गाइडचा प्रवासखर्च कोणी करायचा? बजेट कमी असल्यास ‘गुडविल गाइड’ या स्वयंसेवकांचा पर्याय आहे. ते मानधन घेत नाहीत. त्यांचा प्रवास, प्रवेश आणि जेवणाचा खर्च साधारणपणे पर्यटकाने करायचा असतो.

वारशाचा खर्च कोणी उचलायचा?

हा वाद क्योटोला नवा नाही. १९८५ मध्ये शहराने मंदिरात येणाऱ्या प्रौढ पर्यटकांकडून प्रत्येकी ५० येन कर घेण्याचे ठरवले, तेव्हा कियोमिझु-देरा, किन्काकु-जी यांच्यासह अनेक मंदिरांनी निषेध म्हणून दरवाजेच बंद केले. अखेर १९८८ मध्ये तो कर रद्द झाला. २०१८ मध्ये शहराने मंदिराच्या दाराऐवजी हॉटेलच्या बिलावर कर लावला. १ मार्च २०२६ पासून तो माणशी, दर रात्रीसाठी २०० येनपासून १० हजार येनपर्यंत आहे. सर्वाधिक दर एक लाख येन किंवा त्याहून महागड्या मुक्कामासाठी आहे.

म्हणजे क्योटो पाहण्याची किंमत पर्यटक आता मोजतोच आहे. त्या बदल्यात केवळ फोटो घेऊन परतायचे की हंसावरच्या ब्रह्मदेवाला ओळखून यायचे, हे त्याने ठरवायचे आहे. गाइड सक्तीचा नाही. पण तीनच दिवस हाताशी असतील, तर पहिला दिवस गाइडबरोबर आणि उरलेले दोन स्वतःच्या पायांनी, हा हिशेब फायद्याचा ठरतो.