टँकमधल्या गोगलगायी: मारायच्या की मोजायच्या?

मागच्या वेळी आपण फिल्टरबद्दल बोललो होतो. व्याख्यान संपल्यावर चहा घेताना बऱ्याच जणांनी आम्हाला गाठलं, पण प्रश्न फिल्टरचा नव्हता. प्रश्न होता, "टँकमध्ये गोगलगायी झाल्यात हो, काय घालू?" एक ताई तर मोबाइलवर फोटोच घेऊन आल्या होत्या. पुढची काच दिसतच नव्हती, नुसते ठिपके. म्हणून आज तोच विषय घेतलाय.

आधी आमची फजिती सांगतो, म्हणजे पुढचं पटेल. आमच्या घरी दोन फुटी टँक होता. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, म्हणजे साधारण छप्पन लिटर पाणी. त्यात गप्पी आणि निऑन टेट्रा. गोगलगायी वाढल्या म्हणून आम्ही दुकानातून त्या मारायचं औषध आणलं आणि बाटलीवर लिहिलं होतं तेवढंच घातलं. पहिल्या दिवशी आम्ही खूश! काच स्वच्छ. दुसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं आणि वास यायला लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते, आणि संध्याकाळपर्यंत चौदातले अकरा गेले. घरातल्या लहान मुलांना काय सांगायचं, हा प्रश्न वेगळाच. आणि दोन महिन्यांनी बघतो तर काय, गोगलगायी परत हजर!

असं का झालं, हे कळायला आम्हाला वेळ लागला. ते आज क्रमाने बघू.

आपल्याकडे आहे कोण, ते आधी ओळखा

आपल्या टँकमध्ये न बोलावता येणाऱ्या गोगलगायी मुख्यतः तीन प्रकारच्या असतात.

पहिली ब्लॅडर स्नेल. लहानशी, तपकिरी, पातळ कवचाची. ओळखायची खूण सोपी आहे. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरा. बहुतेक शंखांचं तोंड उजवीकडे येतं, हिचं डावीकडे येतं. ही मूळची उत्तर अमेरिकेतली, आता जगभर पसरलेली आहे.

दुसरी रॅम्सहॉर्न. मेंढ्याच्या शिंगासारखी, जिलबीसारखी चपटी गुंडाळलेली. या कुळातल्या गोगलगायींच्या रक्तात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून काही जातभाई लालसर दिसतात.

तिसरी ट्रम्पेट स्नेल. लांबट, टोकदार, भोंग्यासारखी. ही दिवसा खडीत गाडून घेते आणि रात्री बाहेर येते. म्हणून लोक म्हणतात, "आमच्याकडे चारच आहेत." रात्री बारा वाजता टॉर्च मारून बघा, मग बोलू.

आता यांची वाढ एवढी झपाट्याने का होते? ब्लॅडर आणि रॅम्सहॉर्न या उभयलिंगी आहेत. एकच जीव नरही आणि मादीही, आणि गरज पडली तर जोडीदाराशिवायही अंडी घालू शकतो. काचेवर किंवा पानाखाली पारदर्शक जेलीचा ठिपका दिसतो ना, त्यात डझनावारी अंडी असतात. उबदार पाण्यात आठवड्या-दोन आठवड्यांत ती फुटतात. ट्रम्पेटची तऱ्हा आणखी निराळी. तिच्या माद्या बहुतेक वेळा नराविना, थेट पिल्लंच देतात. तेव्हा "एकच होती, एवढ्या कशा झाल्या?" याचं उत्तर असं आहे, की एक पुरते.

पण मंडळी, अंडी किती घातली याने संख्या ठरत नाही. किती पिल्लांना पोटभर मिळालं, याने ती ठरते. हा आजच्या बोलण्याचा गाभा आहे. गूळ सांडला की मुंगळे येतात, तसंच हे. आपण माशांना घालतो त्यातलं जे उरून खडीत जातं, जी पानं कुजतात, जे शेवाळ काचेवर वाढतं, त्यावर गोगलगायी जगतात. म्हणजे त्यांची संख्या हे आपल्या टँकमधल्या उरलेल्या अन्नाचं मोजमाप आहे. "काय घालू?" असं विचारण्यापेक्षा "काय घालणं कमी करू?" असं विचारलं, तर निम्मं काम झालंच.

औषधाने मासे का मरतात

आता आमच्या फजितीकडे परत येऊ. गोगलगायी मारायच्या पुष्कळ औषधांत तांब्याचा क्षार असतो. आपल्याकडे शेतात फवारायच्या बोर्डो मिश्रणात पडतं ते मोरचूद, तोच हा प्रकार. गंमत बघा, बहुतेक गोगलगायींच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं द्रव्य तांब्याचंच असतं. पण पाण्यात मोकळं तांबं जरा वाढलं, की त्यांच्या शरीरातला क्षारांचा तोल बिघडतो आणि त्या मरतात. कोळंबीसारख्या जिवांचंही तेच होतं. पाणी मृदू असेल तर विषारीपणा आणखी वाढतो आणि मासेही सापडतात.

पण आमचे मासे बहुधा तांब्याने नाही मेले. शे-दोनशे गोगलगायी एका रात्रीत मेल्या, त्यातल्या कितीतरी खडीच्या आत, शंखाच्या आत. त्या कुजल्या. कुजल्या की अमोनिया तयार होतो. मागच्या वेळी आपण बघितलं, फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. पण त्यांची ताकद रोजच्या घाणीपुरती असते. एका रात्रीत दसपट काम आलं तर ते कोलमडतात. शिवाय कुजण्यात प्राणवायूही संपतो. म्हणून मासे वर येऊन श्वास घेत होते.

आणि तांबं? ते पाणी बदललं म्हणून पूर्ण जात नाही. खडीत, गाळात धरून राहतं. सहा महिन्यांनी आम्ही हौसेने कोळंबी आणली, ती आठवडाभरही टिकली नाही. रोग परवडला पण औषध नको, ही म्हण आम्ही अशी शिकलो.

चुकून कोणी औषध घातलंच असेल, तर लगेच मेलेल्या गोगलगायी जाळीने काढा, खडीतला गाळ नळीने ओढा, दोन-तीन दिवस रोज पाव ते एक तृतीयांश पाणी बदला, नळाचं पाणी असेल तर क्लोरीन काढूनच घाला, आणि हवेचा पंप चालू ठेवा.

मग करायचं काय

पहिलं, खाणं. माशांना दिवसातून एकदा आणि दोन मिनिटांत संपेल एवढंच घाला. माशाचं पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढं असतं, असं जुने हौशी लोक सांगतात. शब्दशः घेऊ नका, पण चिमूट केवढी हवी हे त्यावरून कळतं. मोठ्या, धडधाकट माशांना आठवड्यातून एक दिवस उपवास चालतो. आपल्याकडे अडचण अशी, की घरात खाणं घालणारे तीन-चार जण असतात. आजोबा सकाळी घालतात, मुलं शाळेतून आल्यावर घालतात, आणि रात्री आपण घालतो, कारण "बिचारे वर बघतायत". आम्ही उपाय असा केला, की आठवड्याचं खाणं सात छोट्या डब्यांत भरून ठेवायचं. डबी रिकामी, म्हणजे आज झालं.

दुसरं, साफसफाई. आठवड्यातून एकदा पाव टाकी पाणी बदलताना नळी खडीत खुपसून गाळ ओढून घ्या. पिवळी, गळकी पानं कापून टाका. काचेवरचे अंड्यांचे ठिपके जुन्या एटीएम कार्डाने खरवडा.

तिसरं, सापळा. रात्री दिवे बंद करताना काकडीची जाड चकती किंवा उकडलेलं पालकाचं पान स्टीलच्या काट्याला टोचून तळाशी ठेवा. सकाळी दिवा लावायच्या आधी सावकाश उचला. त्यावर गोगलगायींची पंगत बसलेली असते. असं रोज, दोन-तीन आठवडे. काकडी दिवसभर आत ठेवू नका. कुजली तर तीच त्यांची मेजवानी होते.

लक्षात घ्या, नुसता सापळा लावून उपयोग नाही. शंभर काढल्या आणि खाणं तेवढंच राहिलं, तर उरलेल्यांना जास्त मिळतं आणि महिन्यात परत शंभर होतात. दोन्ही एकत्र करा. साधारण सहा ते आठ आठवड्यांत फरक दिसतो. धीर धरायचा.

गोगलगाय खाणारे मासे आणावेत का

दुकानदार लगेच म्हणतो, "लोच घेऊन जा." क्लाऊन लोच दुकानात बोटाएवढा असतो, पण सुमात्रा-बोर्निओचा हा मासा जवळजवळ फूटभर होऊ शकतो आणि त्याला पाच-सहांचा कळप लागतो. दोन फुटी टँकमध्ये ही शिक्षा आहे. आमच्यासारख्यांना जास्त लागणारी गोष्ट झेब्रा लोचची. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा हा मासा आपल्याच सह्याद्रीतला, कृष्णेच्या खोऱ्यातल्या नद्यांचा. तो संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. टँकमधल्या चार गोगलगायींसाठी आपल्याच नदीतला दुर्मीळ मासा उचलायचा का, हे ज्याने त्याने ठरवावं. आम्ही घेत नाही. केरळचा बुटका पफर इंचभराचा आणि गोगलगायींचा शौकीन, पण त्याचीही नद्यांतली स्थिती चिंतेची आहे, आणि तो गप्पींच्या शेपट्या कुरतडतो ते वेगळंच.

त्यातल्या त्यात बरा पर्याय म्हणजे असॅसिन स्नेल. ही गोगलगाय दुसऱ्या गोगलगायी खाते. तिच्यात नर-मादी वेगळे असतात आणि ती अंडी एकेक घालते, म्हणून तिची वाढ सावकाश होते. पण खाणं कमी केल्याशिवाय तिलाही आवरत नाही.

येतात कुठून

बहुतेक वेळा नव्या रोपांबरोबर. रोप आणलं की लिटरभर पाण्यात दोन चहाचे चमचे तुरटीची पूड विरघळवून त्यात दोन-तीन तास ठेवा आणि मग स्वच्छ धुवा. गोगलगायी मरतात, पण अंडी वाचू शकतात. म्हणून त्यानंतर दोन-तीन आठवडे ते रोप उजेडात वेगळ्या बादलीत ठेवा. पिल्लं फुटली तर तिथेच दिसतील.

काढलेल्या गोगलगायींचं काय

हा भाग नीट ऐका. त्या नाल्यात, विहिरीत, तळ्यात, नदीत सोडायच्या नाहीत. कीव आली तरी नाही. 1980च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतली एक ॲपल स्नेल खाण्यासाठी म्हणून तैवानमध्ये आणली गेली. तिथून ती आग्नेय आशियात पसरली आणि भातशेतीची मोठी कीड झाली. आपल्याकडे टँक साफ करायला आणतात तो सकर मासा आज देशातल्या कितीतरी जलाशयांत आहे, वाराणसीजवळ गंगेतही सापडलाय. तो काही चालत गेला नाही. काढलेल्या गोगलगायी झटकन चिरडा. बरेच मासे त्या आवडीने खातात. नाहीतर कुंडीतल्या मातीत पुरा, शंखातलं कॅल्शियम मातीला मिळतं.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: या गोगलगायींमुळे माणसांना रोग होतो का?

उत्तर: चांगला प्रश्न. गोड्या पाण्यातल्या काही गोगलगायी परजीवी कृमींच्या वाहक असतात, हे खरं. 1952 मध्ये आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात माणसांना होणाऱ्या शिस्टोसोमाचा प्रादुर्भाव नोंदला गेला होता, आणि त्या कृमीला मधला टप्पा म्हणून गोगलगाय लागते. पण त्या कृमीचं चक्र पुरं व्हायला आधी माणसाचं किंवा जनावराचं मलमूत्र पाण्यात यावं लागतं. घरच्या टँकमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या गोगलगायींना ती साखळी मिळत नाही. तरी ओढ्या-तळ्यातून रोपं किंवा शंख उचलून थेट टँकमध्ये टाकू नका, आणि टँकमध्ये हात घातला की साबणाने धुवा.

प्रश्न: गोगलगायी रोपं खातात ना?

उत्तर: या तिघी मुख्यतः मरायला टेकलेली पानं खातात. पानाला भोक पडलं आणि त्यावर गोगलगाय बसलेली दिसली, की आळ तिच्यावर येतो. बहुतेक वेळा पान आधीच खराब झालेलं असतं. खत आणि उजेड तपासा.

प्रश्न: मग एकही उरता कामा नये, असं करायचं की नाही?

उत्तर: आम्ही तो नाद सोडला. थोड्या असल्या तर त्या शेवाळ खातात, ट्रम्पेट खडी हलवत राहते. ट्रम्पेट भर दिवसा घोळक्याने काचेवर चढल्या, तर आम्ही आधी पाणी तपासतो, कारण प्राणवायू कमी झाल्याची ती खूण असू शकते. आमच्या घरी दर रविवारी मुलं पुढच्या काचेवरच्या गोगलगायी मोजून कॅलेंडरवर आकडा लिहितात. दहाच्या आत असला तर ठीक. पंधरा-वीस झाला, की घरात चौकशी सुरू होते, "या आठवड्यात जास्तीचं खाणं कोणी घातलं?" आणि बहुतेक वेळा आजोबा पेपर वर धरतात.