रिमोटची गाडी आणि चौपाटीची वाळू

आमच्या भाच्याने दोन दिवाळ्यांचे पैसे साठवून रिमोटवर पळणारी, मोठ्या चाकांची गाडी घेतली. पहिल्याच रविवारी जुहूच्या ओल्या वाळूत पळवली आणि सोमवारी ती जागची हलेना. "मामा, पैसे पाण्यात गेले," म्हणत पोरगा रडकुंडीला आला.

आम्ही स्क्रू काढून पाहिले. मोटारीच्या भोकांत काळी वाळू गच्च बसलेली! मोटारीत लोहचुंबक असतो. किनाऱ्याच्या वाळूतले लोहयुक्त कण तो ओढून घेतो. जपानच्या तामिया कंपनीने १९७९ साली 'सँड स्कॉर्चर' ही गाडी काढली, तेव्हा आतल्या यंत्रणेसाठी झाकणबंद पेटीच दिली होती. आपल्याकडे पेटी नसली तरी फुगा आहे. रिसीव्हर फुग्यात घालून तोंड वायरींभोवती रबराने आवळावे. मोटारीवर जुन्या पातळ नायलॉन मोज्याचा तुकडा ओढावा. हवा जाते, वाळू अडते. स्पीड कंट्रोलर मात्र कोंडू नये, तो तापतो. उघड्या दातेरी चाकांना ग्रीस फासायची आम्हा मोठ्यांना भारी हौस. त्यालाच वाळू चिकटते आणि दाते झिजतात.

खारे पाणी तर वाळूहून वाईट. भिजलेली गाडी चालू करून पाहू नये. आधी बॅटरी काढावी, थोड्या गोड्या पाण्याने मीठ धुवावे, पुसून रात्रभर पंख्याखाली ठेवावी, मग बेअरिंगला तेलाचा एकेक थेंब द्यावा. खाऱ्या पाण्यात बुडालेली लिथियम बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावू नये. आग लागू शकते.

भाच्याची गाडी दोन बेअरिंग बदलल्यावर पळू लागली. ताईचा एक मोजा तेवढा गेला.