बंदुकीच्या धाकातले इंटरनेट पत्ते
इंटरनेटवरच्या प्रत्येक जाळ्याला आकडी पत्ते लागतात. जुन्या आयपीव्ही४ पद्धतीत असे पत्ते जेमतेम ४२९ कोटी. युरोप, पश्चिम आशिया आणि मध्य आशियाच्या काही भागातल्या पत्त्यांची नोंदवही अ‍ॅमस्टरडॅमची 'राइप एनसीसी' ही संस्था सांभाळते. तिच्याकडचा नवा साठा नोव्हेंबर २०१९मध्ये संपला. पत्त्यांना बाजारभाव त्याआधीच आला होता; २५६ पत्त्यांच्या लहानशा गटालाही हजारो डॉलर मोजावे लागतात. सातबाऱ्यासारखेच इथेही नोंदीवर ज्याचे नाव, त्याचा हक्क.

२०२२मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर वेगळाच धोका पुढे आला. व्याप्त भागातल्या एखाद्या इंटरनेट पुरवठादाराच्या डोक्याला बंदूक लावून हस्तांतराच्या कागदांवर सही घेतली, तर? दूर अ‍ॅमस्टरडॅममध्ये बसलेल्या कारकुनाला कागद चोख दिसणार. खरी गोम इथेच आहे, कारण जबरदस्ती कागदावर उमटत नाही.

त्यावर ऐच्छिक कुलपाची सोय निघाली. पत्तेधारकाने आधीच विनंती केली, की ठरावीक मुदतीत ते पत्ते दुसऱ्याच्या नावे होत नाहीत; मुदत सरेपर्यंत खुद्द मालकालाही ते विकता येत नाहीत. मालकाच्याच हातात अधिकार उरला नाही, तर त्याला धमकावून फायदा काय?

अर्थात हे कुलूप फक्त नोंदवहीला आहे, तारांना नाही. युक्रेनच्या व्याप्त खेरसोनमधली इंटरनेट वाहतूक २०२२मध्ये क्रिमियामार्गे रशियन जाळ्यात वळवली गेली, त्यासाठी कुणाचे नाव बदलावे लागले नाही.