जखम भरते, वण उरतो

हंगामात कराड-वाळव्याकडे गुऱ्हाळाचा वास आला की पावले आपोआप तिकडे वळतात. काहिलीजवळ राबणाऱ्या गुळव्याचे हात कधी नीट पाहिले आहेत का? उकळता रस अंगावर उडाला तर पाण्यासारखा ओघळत नाही. चिकटून खोलवर भाजतो. जखम भरते, वण मात्र जन्माचा सोबती होतो.

वण म्हणजे फाटल्या कातडीला शरीराने लावलेले ठिगळ. ते 'कोलॅजन' नावाच्या तंतूंचे असते. तंतू कमी पडले की वण खोलगट राहतो. १९७५ साली देशातून गेलेल्या देवीचे वण असेच असत. तंतू अधिक झाले की वण फुगतो. फुगवटा जखमेच्या हद्दीत राहिला तर काळाने पुष्कळसा बसतो. हद्द ओलांडून निरोगी कातडीवर पसरला, तर तो 'केलॉइड'. आलिबेर या फ्रेंच वैद्याने खेकड्याच्या नांगीवरून हे नाव दिले.

कानाची पाळी, खांदा, छाती या त्याच्या नेहमीच्या जागा. १० ते ३० हे त्याचे वय, म्हणजे नेमके आपलेच! कान टोचणे, मुरूम, लस, एवढे निमित्तही त्याला पुरते. तो कर्करोग नव्हे, स्पर्शाने पसरतही नाही. मात्र तो घराण्यात चालत येतो. म्हणून घरात कुणाला असेल, तर हौसेखातर कानाला दुसरे भोक पाडू नये.

भाजल्यास २० मिनिटे वाहते थंड पाणी घ्यावे. शाई, राख, टूथपेस्ट लावू नये. जखम स्वच्छ व झाकलेली ठेवावी, खपली ओढू नये. तीन आठवड्यांत जखम भरली नाही तर वण फुगण्याचा धोका वाढतो. तोवर न थांबता डॉक्टर गाठावा. जखम बुजल्यावर सिलिकॉनची पट्टी रोज निदान १२ तास, दोन-तीन महिने लावतात.

चामखीळ घोड्याच्या केसाने बांधतात, तसे केलॉइडला करू नये. नुसता कापला तर तो बहुधा परत येतो, कधी पहिल्याहून मोठा. म्हणून दर चार-सहा आठवड्यांनी गाठीतच स्टिरॉइडचे इंजेक्शन देतात. कापलाच तर पुढे इंजेक्शने किंवा किरणोपचार जोडतात. १९६२ साली सुरू झालेले मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आपल्याला जवळच आहे.

कानावरची गाठ केसांनी झाकून बसणारी मैत्रीण आपल्या वर्गातही असेल. तिला नवस किंवा लेप सुचवण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञाकडे सोबत चला. वण लपवण्यात गेलेली वर्षे कोणतेही औषध परत देत नाही.