झाशीचा शास्त्री आणि यशयाचा त्रेपन्नावा अध्याय

काशीत जन्मलेली मनू लग्न होऊन झाशीला आली आणि पुढे काय झालं हे आपल्याकडे शाळकरी पोरही सांगेल. त्याच काळात नेमक्या उलट्या वाटेने गेलेला एक चित्पावन मुलगा मात्र आपण पार विसरलो. नीळकंठ गोऱ्हे. जन्म 8 फेब्रुवारी 1825, झाशीजवळच्या काशीपुरा गावात. आजोबा बांद्याच्या नवाबाच्या पदरी होते. (हे नवाब बाजीराव-मस्तानीचे वंशज. बुंदेलखंडातल्या मराठी माणसांची गोष्ट सांगायला बसलं की पेशवाई अशी कुठून तरी डोकावतेच.) पुढे घराणं काशीत स्थिरावलं, मुलगा न्याय-व्याकरणात तयार झाला, आणि 14 मार्च 1848 रोजी जौनपूरला त्याने बाप्तिस्मा घेतला. नवं नाव घेतलं नेहेम्या. बाबिलोनच्या बंदिवासानंतर यरुशलेमेचा पडलेला कोट ज्याने पुन्हा उभारला, त्या यहुदी अधिकाऱ्याचं हे नाव.

मी गोऱ्ह्यांच्या मागे लागलो तो इतिहासाच्या ओढीने नव्हे. मला कोडं होतं भाकितांचं. हिब्रू संदेष्ट्यांनी येणाऱ्या मशीहाविषयी जे सांगितलं ते येशूच्या ठायी पुरं झालं, असं ख्रिस्ती माणूस म्हणतो. तेच ग्रंथ, त्याच ओळी वाचणारा यहुदी म्हणतो, मशीहा अजून यायचाय. दोघंही प्रामाणिक असतील तर वाचनात फरक पडतो कुठे?

पार्श्वभूमी थोडक्यात उरकतो. मशीहा म्हणजे तेलाने अभिषेक झालेला, मुळात बहुतेक वेळा राजा. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात यशया आणि मीखा हे संदेष्टे होऊन गेले. राज्यकर्ता बेथलेहेमातून निघेल हे मीखाचं. गाढवावर बसून येणारा नम्र राजा जखऱ्याचा. अभिषिक्त केव्हा येईल याचा सत्तर सप्तकांचा हिशेब दानीएलाचा. इ.स.पू. 586च्या सुमारास बाबिलोनने यरुशलेम जाळलं, दावीद राजाचं सिंहासन रिकामं पडलं, आणि गेलेल्या राजाची आठवण हळूहळू येणाऱ्या राजाची आशा झाली. यशयाच्या ग्रंथात तर इराणच्या सायरसलाही देवाचा अभिषिक्त म्हटलंय, म्हणजे परदेशी बादशहालाही ही पदवी चालत होती. असो.

आता माझ्या आवडीच्या जागी येतो. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने 1839 साली ‘मतपरीक्षा’ नावाचं संस्कृत पुस्तक छापलं. खरा धर्म कोणता हे बुद्धीने पारखता येतं, आणि त्या कसोट्यांना ख्रिस्ती धर्म उतरतो, असा त्याचा दावा. तीन पंडितांनी संस्कृतातच त्याला उत्तरं दिली. त्यांतला सर्वांत तरुण, विशीही न ओलांडलेला, आपला नीळकंठ. त्याच्या ‘शास्त्रतत्त्वविनिर्णया’चा गाभा असा: आधी श्रद्धा, मग तर्क. शास्त्र मानलं की तर्क त्याच्या सेवेला लागतो. उलट क्रमाने गेलात तर शास्त्र हाती लागत नाही. चारेक वर्षांत हाच मुलगा ख्रिस्ती झाला. पण माझं मत असं, की भाकितांचं ख्रिस्ती वाचन कसं चालतं याचं नेमकं वर्णन त्याने हिंदू असतानाच करून ठेवलं होतं.

कारण शिष्यांनी भाकितांची यादी हातात घेऊन, एकेक खूण ताडून येशूला ओळखलेलं नाही. गुरू क्रुसावर गेला तेव्हा त्यांची तर आशाच संपली होती. लूकच्या शुभवर्तमानात दोन शिष्य खिन्न होऊन अम्माऊस गावाकडे निघालेत. वाटेत एक अनोळखी माणूस भेटतो आणि मोशेपासून सगळ्या संदेष्ट्यांचा अर्थ त्यांना उलगडून सांगतो. तो अनोळखी म्हणजे उठलेला येशू. आधी घटना, मग ग्रंथाचा अर्थ. भाकिताकडून येशूकडे नव्हे, येशूकडून भाकिताकडे. भाकितं म्हणजे गणिती सिद्धता असल्यासारखी पत्रकं छापणारे प्रचारक मला म्हणूनच पटत नाहीत. ते नव्या करारापेक्षाही घाई करतात.

याची खरी परीक्षा यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात होते. (ज्यांना बारकावे हवेत त्यांच्यासाठी: उतारा बावन्नाव्याच्या तेराव्या वचनापासूनच सुरू होतो. अध्याय पाडणाऱ्याने मध्येच सुरी चालवली आहे.) तिथे देवाचा एक सेवक आहे. लोकांनी तुच्छ लेखलेला, कत्तलीला नेलेल्या कोकरासारखा मुका, दुसऱ्यांचे अपराध स्वतःवर घेणारा. ख्रिस्ती वाचकाला यात येशूशिवाय दुसरं कुणी दिसूच शकत नाही. पण सेवक म्हणजे नक्की कोण? ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात कुश देशाचा एक अधिकारी रथात बसून हाच उतारा वाचतो आणि येशूच्या अनुयायी फिलिप्पाला विचारतो, संदेष्टा हे स्वतःविषयी बोलतोय की दुसऱ्या कुणाविषयी? इतका रास्त प्रश्न साऱ्या बायबलात क्वचित कुणी विचारला असेल.

यहुदी उत्तर भक्कम आहे. याच ग्रंथात आधी इस्राएललाच देवाचा सेवक म्हटलंय. तेव्हा सोसणारं ते अख्खं राष्ट्र. तिसऱ्या शतकात ऑरिजेन या ख्रिस्ती पंडिताने नोंदवलंय की त्याच्याशी वाद घालणारे यहुदी असंच म्हणत. अकराव्या शतकात राशी या यहुदी भाष्यकाराने तेच मांडलं. त्याहून जुन्या अरामी भाषांतरात मात्र सेवक हा मशीहाच आहे, फक्त दुःख त्याच्या अंगावरून काढून दुसऱ्यांवर ढकललंय! भाषांतरकाराची केवढी ही ओढाताण. मशीहा हवा, पण मार खाणारा नको. 1263 साली बार्सिलोनात आरागोनच्या राजासमोर जाहीर वाद झाला. तिथे यहुदी बाजूच्या रांबान या पंडिताने विचारलं, तलवारींचे नांगर होतील असं यशया म्हणतो, मग जगात अजून रक्तपात कसा? ख्रिस्ती उत्तर ठरलेलं: मशीहा दोनदा येतो, पहिल्यांदा सोसायला आणि पुढे राज्य करायला. शास्त्रार्थाच्या भाषेत रांबानचा पूर्वपक्ष मला फार तगडा वाटतो, आणि उत्तरपक्षाला धीर लागतो.

झाशीला गेलो तेव्हा संत जूडच्या देवस्थानात डोकावलो. 28 ऑक्टोबरला तिथे मोठी यात्रा भरते. गोऱ्ह्यांचं नाव काढलं, तर समोरचे गृहस्थ राणी लक्ष्मीबाईच्या किल्ल्याची वाट सांगू लागले. तक्रार नाही. गोऱ्हे पुढे पुण्यात काउली फादर या अँग्लिकन संन्यासी संघाच्या सहवासात राहिले, 29 ऑक्टोबर 1895ला मुंबईत वारले. त्यांच्या लिखाणाचा आपल्यावर परिणाम झाला, असं पंडिता रमाबाईंनी लिहून ठेवलंय. आणि रमाबाईंनी उतारवयात हिब्रू-ग्रीक शिकून केडगावला आख्खं बायबल मराठीत आणलं. म्हणजे झाशीकडच्या शास्त्र्याचा धागा फिरून यशयाच्या मराठी पानापर्यंत येतो.

पण मराठीत मशीहाची वाट पाहणारेही आहेत, हे विसरून चालणार नाही. रायगडातले मराठी यहुदी, बेने इस्राएल, आपले शनिवार तेली. मलाखी संदेष्ट्याच्या ग्रंथाशेवटी देव म्हणतो की त्या थोर दिवसाआधी मी एलीया संदेष्ट्याला पाठवीन. ख्रिस्ती म्हणतात, तो बाप्तिस्मा देणारा योहान, येऊन गेला. बेने इस्राएल घरांत मात्र शुभकार्याला, नवस फेडताना आजही एलियाहू हन्नबीचा, म्हणजे याच एलीयाचा, मलिदा होतो: गोड पोहे, ओलं खोबरं, सुका मेवा, फळं. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एका खडकावर त्याच्या रथाची खूण दाखवतात. एलीया तिथूनच स्वर्गात गेला अशी श्रद्धा. जगभरच्या इतर यहुद्यांनी एलीयाला कोकणातला खडक दिल्याचं ऐकिवात नाही. मला तर तो खडक बघताना गंमत आणि आदर एकदमच वाटला.

मुंबईचे मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी याच समाजाला हिब्रू शिकवायला घेतलं, 1832 साली मराठीतून हिब्रू व्याकरणही काढलं. मूळ भाषेत संदेष्टे वाचले की येशू दिसेल, असा हिशेब. मंडळी मन लावून हिब्रू शिकली, ख्रिस्ती मात्र जवळपास कुणी झालं नाही. उलट त्यांचा यहुदी धर्मच पक्का झाला. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले, आणि मशीहा येऊ दे हे मागणं कोकणातल्या सिनेगॉगमध्ये मराठी अर्थासह पोचलं.